भिजत घोंगडे नेमके किती वेळ भिजते?

रखडलेल्या कामाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो. भावकीतली वाटणी, कोर्टातला दावा, गावच्या ओढ्यावरचा पूल, सगळ्यांनाच हा शब्द लागू पडतो. पण ज्याने घोंगडी कधी धुतलेली नाही, त्याला यातली खरी गंमत कळायची नाही.

सुती पंचा बादलीत टाकला की क्षणात ओला होतो. पिळून दोरीवर टाकला की दुपारपर्यंत वाळतो. घोंगडीचे तसे नाही. ती आधी पाण्यावर तरंगते. हाताने दाबून धरली की बुडबुडे सोडते आणि हात काढला की पुन्हा वर येते. आतपर्यंत भिजायला तिला बराच वेळ लागतो. एकदा भिजली, की एकट्या माणसाला ती उचलवत नाही, पिळणे तर दूरच. मग ती वाळायला दोन-तीन दिवस घेते. म्हणजे लवकर भिजत नाही आणि भिजली तर लवकर वाळत नाही.

हीच घोंगडी माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतला मेंढपाळ खोळ करून डोक्यावर घेतो आणि पावसाच्या झडीत मेंढरांमागे उभा राहतो. रात्री उघड्या रानात तीच अंगाखाली आणि तीच अंगावर असते. चैत्रात उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून खांद्यावरही तीच असते. पाऊस, थंडी आणि ऊन या तिन्हींसाठी एकच कापड कसे पुरते? त्यातही जी लोकर यासाठी वापरतात, तिला गिरणीवाले हलकी ठरवतात: जाडीभरडी, केसाळ, काळ्या-पांढऱ्याची भेसळ असलेली. माझे म्हणणे असे, की घोंगडीचे सगळे काम या तथाकथित दोषांवरच चालते. ते कसे, हे एकेक करून पाहू.

शंभर किलोमीटरमध्ये दोन हवा

सांगलीचा बराच भाग १९४९पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या मुलखाच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास पूर्वेला दहिवडी आहे, आणि तिथे जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या घरात. ढग सह्याद्रीवर आपटून रिकामे होतात आणि उरलेला कोरडा वारा माणदेशाला मिळतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मुलूख हाच. ते स्वतः आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे.

अशा रानात शेतीपेक्षा मेंढरांचा भरवसा जास्त. पाण्याच्या आणि चाऱ्याच्या शोधात कळप वर्षातले कित्येक महिने घराबाहेर असतात. कुणी कृष्णाकाठाला उतरतो, कुणी घाट उतरून कोकणात जातो. शेतकरी खतासाठी मेंढरे शेतात बसवून घेतो आणि मेंढपाळ त्याच शेतात उघड्यावर झोपतो. एकाच फेऱ्यात त्याला कोकणचा दमटपणा, घाटावरचे धुके आणि माणदेशातली कोरडी, चांदण्याची, हाडात शिरणारी थंडी भेटते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहते, वर ती अडवायला ढग नसतात. त्यामुळे दिवसा घाम काढणारे तेच रान पहाटे हुडहुडी भरवते. एकच कापड सोबत न्यायचे असेल, तर त्याला हे सगळे झेपले पाहिजे.

अळूचे पान आणि आतले रांजण

घरात घोंगडी असेल तर तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. थेंब मोत्यासारखे वरच बसतात. अळूच्या पानावर बसतात तसेच.

लोकरीचा प्रत्येक तंतू म्हणजे मेंढीचा केस. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. आपले केस, नखे आणि म्हशीची शिंगे याच प्रथिनाची. केसाच्या पृष्ठभागावर घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. त्या खवल्यांवर मुळातच स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो, आणि शिवाय मेंढीच्या कातडीतून पाझरणारे मेण, म्हणजे लॅनोलिन, केसावर चढलेले असते. गिरणीत लोकर साबणाने उकळून हे मेण जवळजवळ सगळे काढून टाकतात. घोंगडीसाठीची लोकर इतकी घासून धूत नाहीत, त्यामुळे थोडे मेण तिच्यात राहते. नव्या घोंगडीला येणारा मेंढरांचा वास काही अंशी त्याचाच. थेंब वरच्या वर अडतो तो या मेणकट कौलांमुळे.

आता खरी मजा पुढे आहे. बाहेरून पाण्याला नकार देणारा हा केस आतून मात्र पाण्याचा भुकेला असतो. पाण्याचा थेंब म्हणजे असंख्य रेणूंचा एकमेकांना चिकटलेला घोळका, तो कौलांवरून घसरून जातो. वाफ म्हणजे सुटे रेणू. ते कौलांच्या फटींतून आत शिरतात आणि केराटिनला चिकटून बसतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के वाफ अशी पोटात घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. दोन किलोच्या घोंगडीत अर्धा लिटरहून जास्त पाणी दडून बसू शकते, आणि पांघरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

प्लॅस्टिकचा रेनकोट पावसाला अडवतो, पण अंगाची वाफही आत कोंडतो. म्हणून चढावर चालताना आपण रेनकोटाच्या आत घामाने भिजतो. घोंगडी थेंबाला बाहेर ठेवते आणि वाफेला वाट देते. धो-धो पावसात तासन्‌तास उभे राहिले तर तीही भिजतेच, तिला अभेद्य समजू नये. पण तेवढा वेळ मिळाला की मेंढपाळ कळप आडोशाला नेऊ शकतो.

खोळही इथे कामी येते. घोंगडी दुमडून तिचे एक टोक डोक्यावर टोपडे होईल असे घेतले, की डोके आणि खांदे, म्हणजे जिथे पाऊस सर्वांत जास्त आपटतो, तिथे दोन थर येतात. उरलेली घोंगडी पाठीवरून खाली लोंबते आणि पाणी तिच्या काठावरून ओघळून जाते. दोन्ही हात काठीसाठी मोकळे राहतात. कोकणातले इरले पानांचे, घाटावरची खोळ लोकरीची, पण कल्पना एकच.

दमट हवेत मिळणारा शेक

लोकर वाफ पोटात घेते तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. पाण्याची वाफ करायला चूल पेटवावी लागते, उष्णता खर्च करावी लागते. वाफ पुन्हा बांधली गेली की ती खर्ची पडलेली उष्णता परत मिळते. इडलीपात्राचे झाकण उघडताना हाताला लागलेली वाफ इतकी भाजते ती याचमुळे. लोकरीत शिरणारी वाफ केराटिनला चिकटते आणि अशीच उष्णता सोडते, पण अगदी हळूहळू.

हिशेब थक्क करणारा आहे. एक किलो पूर्ण कोरडी लोकर अतिशय दमट हवेत पोटभर वाफ घेईपर्यंत ठेवली, तर सुमारे ९६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढ्यात तीन लिटर पाण्याला उकळी येईल. प्रत्यक्षात घोंगडी कधीच इतकी कोरडी नसते, म्हणून एवढा शेक मिळत नाही. पण शेकोटीजवळ सुकलेली घोंगडी अंगावर घेऊन माणूस पहाटेच्या धुक्यात बाहेर पडला, तर तो थंड हवेत शिरत असतानाच घोंगडी थोडी ऊब सोडत असते. दुपारी उन्हात याच्या उलट होते. साठलेले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, मातीच्या माठासारखे. शिवाय जाड थर बाहेरची झळ आत पोहोचू देत नाही. थंडी अडवणारे कापड उन्हातही उपयोगी पडते ते यामुळे.

बोचते का? हो, आणि त्याचा उपयोगही आहे

शहरातल्या माणसाची घोंगडीविषयी पहिली तक्रार बोचण्याची असते. तिच्यामागे साधा हिशेब आहे.

शालीसाठी नावाजलेल्या मेरिनो मेंढीचा केस साधारण २० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीचा केस सहसा ४०च्या वर जातो. जाडी दुप्पट, तर ताठरपणाही दुप्पट असेल असे वाटते, पण वाकवायला लागणारा जोर दुपटीच्या दुप्पट करत चार वेळा वाढतो: सोळा पट! मोरपीस आणि हिराचा खराटा गालाला लावून पाहिले तर फरक कळेल. बारीक तंतू कातडीला टेकताच वाकतो. साधारण ३० मायक्रॉनच्या वरचा तंतू वाकत नाही, कातडीतल्या वेदना ओळखणाऱ्या बारीक नसांना टोचतो, आणि आपण खाजवू लागतो. बहुतेक वेळा ही अॅलर्जी नसते, निव्वळ टोचणी असते. आत सुती कपडा घातला की ती थांबते.

मात्र हाच ताठरपणा ऊब टिकवतो. पांघरूण स्वतः गरम नसते. ते अंगाभोवतीची हवा हलू देत नाही, आणि स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षा सुमारे २३ पट वेगाने उष्णता नेते, म्हणून ओला सुती कपडा अंगाला चिकटला की दात वाजतात. दख्खनी केस ताठ असल्याने अंगाच्या भाराखाली किंवा ओला झाल्यावरही चटकन लोळत नाही. धाग्यांमधले हवेचे कप्पे उघडे राहतात. शिवाय यातल्या बऱ्याच जाड केसांच्या गाभ्यात ज्वारीच्या ताटासारखा पोकळ, भेंडासारखा भाग असतो, त्यातही हवाच. ढेकळाच्या रानात अंथरायला मऊ शाल एका हंगामात संपेल. घोंगडी मात्र वर्षानुवर्षे टिकते.

मऊ घोंगडी हवीच असेल तर तिचीही सोय या मुलखात आहे. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ, बाळाच्या जावळासारखेच. ती बारीक असते आणि तिच्या केसाचे टोक कधी कातरीखाली आलेले नसल्याने निमुळते असते. कापलेल्या केसाचे टोक बोथट आणि कडक, न कापलेल्याचे टोक मऊ. म्हणून जावळाची घोंगडी कमी बोचते, आणि अर्थातच महागही असते, कारण एका मेंढीला जावळ आयुष्यात एकदाच येते.

घोंगडीवर झोपल्याने पाठदुखीपासून अनेक आजार बरे होतात असे दावे हल्ली विक्रीच्या जाहिरातींत दिसतात. उबेने आखडलेले स्नायू सैल पडतात आणि बरे वाटते, एवढे खरे आहे. तिच्या अंगी त्याहून जास्त औषधी गुण चिकटवू नयेत.

चिंचोक्याची खळ आणि माग

मेंढरे वर्षातून दोनदा कातरतात. दख्खनी मेंढीपासून सगळी मिळून अर्धा-पाऊण किलोच लोकर मिळते. ती निवडायची, पिंजायची आणि चरख्यावर किंवा टकळीवर कातायची. कातणे म्हणजे पीळ देणे. एकेक केस आखूड असतो, पण पीळ बसला की केस एकमेकांना आवळतात आणि ओढाल तितके घट्ट होतात. गोफणीच्या दोरीत हेच तत्त्व आहे, आणि मेंढपाळ आपली गोफण त्याच सुताची करतो. कातण्याचे काम बहुतेक ठिकाणी मेंढपाळ घरांतल्या बायकांनी केले आणि विणण्याचे काम परंपरेने सनगर समाजाने.

हातकताईचा लोकरी धागा केसाळ असतो. मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, शेजारी शेजारी ताणलेले असतात आणि प्रत्येक फेरीत वरखाली होताना एकमेकांना घासतात. त्यांची पिसे एकमेकांत अडकली तर धागा तुटतो. यावर सनगरांचा उपाय आहे चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, टरफले काढून, भिजवून वाटायचे आणि शिजवून चिकट लापशी करायची. चिंचोक्यातला पिष्टमय पदार्थ वाळला की त्याचा गुळगुळीत पापुद्रा बनतो. ताणलेल्या धाग्यांवर कुंच्याने ही खळ दिली की उभी राहिलेली पिसे धाग्याला चिकटून बसतात. सुती लुगड्याला कांजी देतात त्यातलाच प्रकार. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक लागते ती या खळीमुळे. दोन-तीन पावसाळ्यांत खळ निघून जाते, आणि घोंगडी जुनी होता होता मऊ पडत जाते.

विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायाने ताणा वरखाली करायचा, धोट्यातून आडवा धागा, म्हणजे बाणा, घालायचा आणि ठोकून बसवायचा. घोंगडीची लांबी अजूनही हातांत सांगतात: दहा हाती, बारा हाती.

पुढचे काम वापर करतो. ओली लोकर चोळली, तुडवली गेली की केसांवरची कौले एकमेकांत अडकतात. कौलांचा उतार एकाच दिशेला असल्याने केस पुढे सरकतो, मागे येत नाही. कुसळ कपड्यात शिरते तसे. त्यामुळे विणीतल्या फटी बुजत जातात. माग न वापरता, केवळ लोकर भिजवून, दाबून, लाटून केलेला बुरणूस याच गुणावर उभा असतो. गरम पाण्यात धुतलेला लोकरी स्वेटर मुलाच्या मापाचा होतो त्याचे कारणही हेच.

नक्षी चौकोनीच का?

घोंगडीवर वेलबुट्टी नसते. पट्टे, चौकडे, काठाला करवतीचे दाते किंवा त्रिकोण, बस. विणकराला मोर काढता येत नाही म्हणून असे होत नाही. ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके चार बाय चार असले तर चौकोन किंवा चांदणी निघेल. मोरासाठी ठिपके खूप लागतात. विणीत प्रत्येक ताणा-बाण्याची गाठभेट हा एक ठिपका असतो. पैठणीच्या रेशमात एका बोटाच्या रुंदीत ते भरपूर मावतात, म्हणून पदरावर मोर बसतो. घोंगडीचा धागा जाड असल्याने तिथे ठिपके मोजकेच. तिरपी रेघ काढायला जावे तर ती पायऱ्या पायऱ्यांची होते, आणि दोन पायऱ्या समोरासमोर आल्या की त्रिकोण तयार होतो. जगात जिथे जिथे जाड लोकर हाताने विणतात, तिथे, मग ते कुल्लूच्या शालीचे काठ असोत की अमेरिकेतल्या नवाहो लोकांची पांघरुणे, पायऱ्या, शंकरपाळे आणि करवती दिसतात ते याच कारणाने.

रंगही मेंढीनेच दिलेले असतात: काळा, पांढरा, करडा, तपकिरी. गिरणीला ही भेसळ नको असते, कारण काळ्या केसावर दुसरा रंग चढत नाही. घोंगडीत तीच भेसळ नक्षी होते. न रंगवलेली असल्याने ती धुण्यात उतरतही नाही.

फक्त दोन रंगांत काय होऊ शकते याचे एक उदाहरण मला फार आवडते. ताणा एक काळा, एक पांढरा असा लावा. बाणाही एक काळा, एक पांढरा असाच घाला. काळा बाणा पांढऱ्या ताण्यांवरून आणि काळ्यांखालून गेला, तर ती सबंध ओळ काळी दिसते. पुढचा पांढरा बाणा उलट जातो आणि सबंध ओळ पांढरी होते. कापडावर बारीक आडव्या रेघा उमटतात. आता मध्येच कुठे तरी दोन काळे ताणे शेजारी लावा. क्रम एका घराने सरकतो, आणि त्या जागेपासून पुढे तेच धागे उभ्या रेघा काढू लागतात! ठरावीक अंतरावर ताण्यात आणि बाण्यात अशी जोडी टाकत गेले, की आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन आळीपाळीने मांडले जातात. विणकर दोनच रंगांचे धागे मोजून लावतो आणि नजरेला चटई गुंफल्याचा भास होतो.

चौकट : घरात घोंगडी असेल तर

• सारखी धुऊ नका. ऊन दाखवा, झटका. धुवायचीच तर थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न चोळता. वाळवताना दोरीवर लोंबकळत न ठेवता खाटेवर पसरा.

• लोकरीला कसर लागते. या किड्याच्या अळीला केराटिन पचते, आणि घाम-तेल लागलेली लोकर तिला जास्त आवडते. स्वच्छ आणि पूर्ण कोरडी करूनच घडी घाला. अधूनमधून घडी मोडून उन्हात टाका.

• ठिणगी पडली तर घाबरू नका. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि लोकरीला जळत राहायला साधारण २५ टक्के लागतो. त्यामुळे ठिणगी भोक पाडते आणि विझते.

लोकर जाते कुठे?

घोंगडीला धक्का दोन बाजूंनी बसला. स्वस्त आणि हलकी यंत्रावरची ब्लँकेटे गावोगावच्या बाजारात आली. दुसरीकडे मेंढी पाळण्याचे कारणच बदलले. पैसा मटणात आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावच्या नावाने ओळखली जाणारी उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची मेंढी झपाट्याने वजन धरते, पण अंगावर लोकर नावापुरतीच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला जुळी कोकरे देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मेंढपाळाच्या हाती जास्त कोकरे देणारे हे काम मोलाचे आहे. दहिवडी आणि सांगली जिल्ह्यातल्या रांजणी इथे शासकीय महामंडळाची मेंढीपालन केंद्रेही आहेत. पण लोकरीचा केस हा जोडीचा विषय म्हणून फारसा कुणाच्या पटावर आला नाही. कातरायची मजुरी लोकरीच्या दरापेक्षा जास्त झाली, आणि अनेक ठिकाणी कातरलेली लोकर बांधावर टाकून दिली जाते.

मला यात सगळ्यात जास्त खटकते ते मोजमाप. मेरिनोच्या फूटपट्टीने मोजली तर दख्खनी लोकर नापासच होणार. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचे हॅरिस ट्वीडही राठच असते. पण ब्रिटनच्या संसदेने १९९३मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्या बेटांवर, विणकराच्या स्वतःच्या घरी, हाताने विणलेल्या कापडालाच ते नाव लावता येते. त्यांनी आपल्या राठ लोकरीला तिच्या कामाच्या मापाने मोजले.

घोंगडी विकत घ्यायची तर आधी नाकाशी धरा, मग कडेचा एक सुटा धागा मागून घ्या आणि काडीने पेटवा. अॅक्रिलिक असेल तर वितळून टणक काळा मणी होईल. लोकर असेल तर ज्योत काढताच विझेल, केस जळल्याचा वास येईल आणि राख बोटांत चुरगळून जाईल. मग वर पाण्याचे दोन थेंब टाका आणि ते किती वेळ बसून राहतात ते पाहत थांबा.